दोनदा गाळलेला पांढरा

१९ जून २०२४, बुधवार

उद्या यशराजची दुर्बीण. दर जूनमध्ये असते. "माझ्या वयाची पोरं जूनमध्ये लेकरं शाळेत घालत्यात, आम्ही आतड्यात दुर्बीण घालून घेतो," असं तो सगळ्यांना सांगत सुटतो आणि स्वतःच हसतो. सोळा वर्षं झाली. बारावीत होता तेव्हा सुरू झालं. रक्त पडतंय हे पोरानं कितीतरी दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, भरतात, पुन्हा होतात. गोळ्या कायमच्या. आजाराचं नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे. घरकामाला येणारी शालूबाई त्याला 'दादाचं पोट' म्हणते, आणि आता घरात तेच नाव पडलं आहे.

दवाखान्यातल्या मुलीनं फोनवर बजावलं होतं की घट्ट काही द्यायचं नाही. तांबडं, जांभळं काही प्यायचं नाही, आत ते रक्तासारखं दिसतं. पाणी, शहाळं, गाळलेलं सूप चालेल. तेवढ्यावर माणूस कसा राहणार? उचगावच्या फाउंड्रीत दिवसभर उभ्यानं कास्टिंग तपासून आला आणि स्वयंपाकघराच्या दारातच बसला.

"आई, आज बुधवार हाय."

"माहीत आहे मला."

"सगळ्या गल्लीत मटण शिजतंय. दुर्बिणीआधी मी वासानंच मरतोय बघ."

त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना. तांबडा रस्सा चालत नाही, पण सूप चालतं. मग मी पांढरा केला. मटणाचं अळणी पाणी काढलं, तीळ, खसखस, काजू गंधासारखे वाटले, नारळाचं दूध काढलं आणि सगळं मलमलीच्या फडक्यातून दोनदा गाळलं. काजूचा एक कण राहू दिला नाही. मिरचीही घातली नाही. दोन वाट्या उभ्या उभ्याच प्यायला. तिसरी मागितली, तीही दिली. अनुजा बँकेतून आली तेव्हा मी भांडी विसळून ठेवली होती. सून चांगली आहे, पण फार नियमाची आहे.

२० जून

डॉक्टर अमरेश बाहेर आले. गडहिंग्लजकडचे आहेत, बोलणं सरळ.

"काकू, उजवीकडे वर नीट दिसलं नाही. पोट साफ झालं नव्हतं. दिसलं तेवढं चांगलं आहे. तीन महिन्यांनी परत करू."

चांगलं आहे! मी तिथेच हात जोडले. येताना महाद्वारातून अंबाबाईला बाहेरूनच नमस्कार केला. गाडीत अनुजा त्याला विचारत होती, काल काय काय घेतलं होतं म्हणून. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पाणी. शहाळं. काय न्हाय."

मला हसू आलं. लहानपणी मी फ्रॉकच्या खिशात चिंचा लपवायची, तसा चेहरा केला होता त्यानं.

१२ सप्टेंबर

गौरी गेल्या. घर रिकामं वाटतं.

दुर्बिणीचे तीन महिने होत आले. अनुजा आठवण करून देते. यशराज म्हणतो, जर्मनीची ऑर्डर आहे, दिवाळीनंतर बघू. दोन वर्षांत रक्ताचा थेंब नाही. मीही म्हटलं, "बरा आहे की गं. कशाला उगीच पुन्हा हाल?"

"तुम्हा दोघांपुढं मी एकटी काय बोलणार," असं म्हणून ती धुणं वाळत घालायला वर गेली.

२६ जानेवारी २०२५

सकाळी झेंडावंदन करून यशराज जिलेबी घेऊन आला. कोल्हापुरात आज ज्याच्या हातात जिलेबीची पुडी नाही तो कोल्हापूरचाच नाही. शालूबाईला, शेजारी, सगळ्यांना वाटली. स्वतः एक कडं हातात धरून बसला. पाक बोटांवरून मनगटापर्यंत आला तरी तोंडात घातलं नाही.

"दादा, जिलेबी हाय ती, कंकण न्हवं," शालूबाई म्हणाली.

तो हसला आणि उजव्या कुशीवर हात दाबून धरला. पट्ट्याला नवीन भोक पाडलं आहे, ते मला आज दिसलं. कधी पाडलं?

२ फेब्रुवारी

उद्या पुन्हा दुर्बीण. मी सकाळीच खसखस भिजत घातली होती. अनुजानं ती वाटी उचलली आणि मोरीत ओतली. माझ्यासमोर.

"उद्यापर्यंत या घरात काही शिजणार नाही, आई."

"आणि माणसांनी काय करायचं?"

"पाणी प्यायचं. सगळ्यांनी."

घाबरली आहे पोर, मला कळतं. पण खसखशीवर कसला राग? यशराज मधे पडला, म्हणाला, "बरोबर हाय तिचं. माझ्यासमोर तुम्ही जेवायला लागला तर मी दोघींनाबी खाईन." आम्ही तिघंही दिवसभर पाण्यावर राहिलो. माझ्या डोळ्यांतलं पाणी त्यात धरलेलं नाही.

३ फेब्रुवारी

उजवीकडे वर काहीतरी आहे. तुकडे काढून तपासायला पाठवले आहेत. डॉक्टरांनी स्क्रीनवरचा फोटो दाखवला. मला काही दिसलं नाही. सपाट, कातडीच्याच रंगाचं, जरा खडबडीत. ते म्हणाले, हे असंच असतं, म्हणून तर लवकर सापडत नाही.

मग जुनी फाइल काढून त्यांनी यशराजला विचारलं, "जूनमध्ये नेमक्या याच जागेवर पांढरा लेप होता, बारीक बिया चिकटल्या होत्या. धुऊन धुऊन निघाल्या नाहीत. आदल्या दिवशी काय खाल्लं होतंस?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात यशराज म्हणाला, "बर्गर खाल्लता, सर. फाउंड्रीत एकाची पार्टी होती. त्याच्यावर तीळ असत्यात की."

मला इतका संताप आला! मी इथे फडक्यातून गाळून गाळून देते आणि हा बाहेर जाऊन पाव खातो. डॉक्टरांसमोरच बोलले, "काही लाज आहे का रे? तेहतीस वर्षांचा घोडा झालास!"

"चुकलं, आई," तो म्हणाला. मान खाली घातली.

अनुजा उठून बाहेर गेली. तिलाही हे आजच कळलं असणार.

११ फेब्रुवारी

कॅन्सर आहे.

लिहून बघितलं. अक्षर माझंच आहे.

डॉक्टरांनी वेळ देऊन सांगितलं. मला पुन्हा पुन्हा विचारायची सवय, त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. सूज म्हणजे नुसती सूज नसते. सोळा वर्षं आतड्याचं आतलं अस्तर जळतं आणि नवं येतं, जळतं आणि नवं येतं. प्रत्येक नव्या पेशीत जनुकं तीच, जन्माला येताना आणलेली. पण जनुकांवर बारीक रासायनिक खुणा असतात. कुठलं वाचायचं आणि कुठलं सोडून द्यायचं, हे पेशीला त्या खुणा सांगतात. सततच्या सुजेनं त्या खुणा बदलत जातात. 'आता वाढू नकोस, थांब' असं सांगणारी जनुकं असतात. त्यांच्यावरच अशी खूण बसते की पेशी ती वाचायचीच बंद होते, आणि तीच खूण पुढच्या पेशीला देते, ती तिच्या पुढच्या पेशीला.

"मुलगा तेहतिशीचा आहे, काकू, पण त्या जागेतलं आतडं साठीचं झालंय," ते म्हणाले.

माझं वय झालं ते. माझ्याएवढं म्हातारं काहीतरी माझ्या मुलाच्या पोटात आहे.

मी विचारलं, "जूनमध्ये होता का हा?"

डॉक्टर म्हणाले, "असणार. तेव्हा बहुधा नुसता पेशींमधला बदल असेल, कॅन्सर नसेल. तेव्हा दिसला असता तर आतडं काढून टाकलं असतं, विषय मिटला असता."

"सर, ते जाऊ द्या आता," यशराज म्हणाला. त्यानं माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला होता. "आमच्यात कास्टिंगचा एक्स-रे धुरकट आला की परत काढतोय आम्ही. रोज काढतोय. माझा मीच काढला न्हाई. ह्यात दुसऱ्या कुणाचा काय संबंध न्हाई."

१४ फेब्रुवारी

आज दिवसभर शाळा आठवत राहिली. आमच्या कॉन्व्हेंटात जूनमध्ये आदल्या वर्षीच्या मुलींची पुस्तकं मिळायची. पहिल्या दिवशी सिस्टर बेनेडिक्टा फळ्यापाशी उभ्या राहून ऑप्शनला टाकलेले धडे सांगायच्या आणि आम्ही पेन्सिलीनं त्यांवर काट मारायचो. धडा पुस्तकात असायचाच, चित्रासकट, पण तो कुणी उघडायचं नाही. वर्षभर त्याच्यावरून पानं उलटायची. मला त्या धड्यांची फार दया यायची. मी ते घरी जाऊन गुपचूप वाचायची.

डॉक्टर जे म्हणतात ते हेच ना? 'थांब' हा धडा त्याच्या आतड्यात आहे. कुणीतरी त्याच्यावर काट मारली आहे.

पण काट पेन्सिलीची असेल तर खोडता येते! मार्चमध्ये पुस्तकं परत करताना आम्ही बाकावर बसून सगळ्या खुणा खोडायचो. मांडीवर रबराचा केवढा भुगा पडायचा. सिस्टर पान उजेडात धरून बघायच्या. उद्या डॉक्टरांना विचारते. माझ्या मनात आज पहिल्यांदाच थोडी जागा झाली आहे.

१५ फेब्रुवारी

विचारलं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही, म्हणून जास्त लागलं.

"कल्पना बरोबर आहे, काकू. रक्ताच्या काही आजारांत अशा खुणा पुसणारी औषधं वापरतात. इथे अजून नाहीत. आणि आता नुसत्या खुणा राहिलेल्या नाहीत. मूळ अक्षरंही बदलली आहेत."

घरी आले आणि काहीही न करता बसून राहिले. शालूबाईनं चहा पुढे ठेवला, गार झाला, तिनं नेला, दुसरा आणला.

"वैनी, रडा की एकदा. असं दगडावानी बसू नगा."

रडूही येत नाही. अंबाबाईचं स्तोत्र म्हणायला घेतलं, मधेच शाळेतली इंग्रजी प्रार्थना सुरू झाली. दोन्ही अर्धवट राहिली. एवढी वर्षं दोन्हीकडे हात जोडले, आता दोन्हीकडे ओळख निघत नाही.

७ मार्च

ऑपरेशन झालं. मोठं आतडं सगळं काढलं. पोटावर पिशवी लावली आहे. ती आयुष्यभर राहिली तरी चालेल, मी रोज धुईन, म्हटलं.

पण सर्जन बाहेर आले ते टोपी काढून. यकृतावर ठिपके आहेत.

९ मार्च

सकाळी डबा घेऊन गेले तर खोलीचं दार लोटलेलं होतं. आत अनुजा आणि यशराजचं चाललं होतं. एरवी माझ्यासमोर ती त्याला अहो-जाहो करते.

"एकदा सांग त्यांना. एकदा! मला रोज त्यांच्या तोंडाकडं बघून गप बसावं लागतं. मी माणूस हाय का कोण?"

"न्हाई सांगायचं."

"का? तू मरायला लागलाईस आणि—"

"म्हणूनच. मी गेल्यावर तिला जगायचं हाय. हे घेऊन ती एक दिवस जगंल का? शपथ घे माझी. अनू, घे."

मग ती रडायला लागली.

मी डबा तिथेच बाकावर ठेवला आणि खाली येऊन बसले. वेडी आहेत दोघं. माझ्यापासून काय लपवायचं? यकृतापर्यंत गेलेल्याचं पुढे काय होतं, ते मला ठाऊक आहे. मी फोनवर सगळं वाचलं आहे. पण त्यांना लपवायचं आहे तर मी माहीत नसल्यासारखीच वागेन. तेवढं तरी माझ्याकडून त्याला.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारली नाही. यशराज म्हणाला, उभार. मग उभारली. वाऱ्यानं तांब्या सारखा काठीवर वाजत होता. दुपारीच उतरवून टाकली.

१४ मे

केमोची तिसरी खेप. खुर्च्या लावून ओळीनं माणसं बसवतात, सलाइनच्या बाटल्यांखाली. गप्पाही होतात. आज शेजारी वारणानगरहून आलेल्या हिराबाई बसल्या होत्या. त्यांच्या मुलीला यशराजसारखंच पोट आहे, अजून आजार नवा आहे. परवा तिची पहिली दुर्बीण.

"एक दिवस उपाशी ठेवायचं म्हंत्यात," त्या म्हणाल्या. "नाजूक हाय ओ पोरगी. चक्कर येऊन पडंल."

मला माझीच घालमेल आठवली. मी म्हटलं, "घाबरू नका. तांबडं द्यायचं नाही एवढंच. आमच्या यशला मी पांढरा करून दिला होता, फडक्यातून दोनदा गाळून. अगदी—"

"नाही!"

अनुजा एवढ्या जोरात ओरडली की सगळा वॉर्ड गप्प झाला. नर्स धावत आली, तरी अनुजा हिराबाईंना सांगतच होती, "मावशी, नुसतं पाणी द्या. पाणी! दवाखान्यात लिहून देत्यात तेवढंच. कुणाचं ऐकू नका. कुणाचंच ऐकू नका!"

हिराबाई माझ्याकडे बघत राहिल्या. माझे कान तापले. सगळ्या लोकांत सुनेनं सासूला असं बोलावं?

यशराजनं डोळे उघडले. ओठ फुटले आहेत त्याचे, तरी हसला. "मावशी, आईचा पांढरा पेशंटला परवडत न्हाई. एकदा प्याला की माणूस परत परत आजारी पडायला बघतोय."

लोक हसले. हिराबाईही हसल्या. अनुजा जिन्यात जाऊन बसली. मी मघाशी तिथून गेले तर पदर तोंडात कोंबून रडत होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला, मग तोच हात घट्ट धरला आणि सोडेना. मला या मुलीचं काही कळत नाही.

२१ जून

डॉक्टरांनी केमो थांबवली. "आता त्याला घरी सुखात ठेवू," म्हणाले. सुखात हा शब्द त्यांनी इतक्या हळू उच्चारला.

मागच्या वर्षी याच दिवसांत मी त्यांच्यापुढे हात जोडून 'चांगलं आहे' म्हणून आनंदानं घरी आले होते. ती बाई कोण होती? तिला बोलावून आणावं आणि या घरात बसवावं असं वाटतं.

मी सारखी विचार करते, खूण कुठल्या दिवशी बसली असेल? तो बारावीचा अभ्यास करत जागत होता तेव्हा? त्याचे बाबा गेले तेव्हा? गौरीत आम्ही हसत होतो तेव्हा? आत कुणीतरी शांतपणे पान उघडून काट मारत होतं आणि मी वर गोळ्या, ताक, मऊ भात, असं सगळं वेळच्या वेळी देत होते. आईला मूल आतून दिसत नाही. नऊ महिने तो माझ्याच आत होता, तेव्हाही दिसला नव्हता.

१० जुलै

पिवळा झाला आहे. डोळेसुद्धा. पाणी चमच्यानं.

शाळेतला एक धडा त्याला सांगितला, ऑप्शनचा, दीपगृहावरच्या म्हाताऱ्याचा. लहानपणी सांगायची तोच. ऐकता ऐकता झोपला. शेवट सांगायचा राहिला.

२३ जुलै

उद्या अमावस्या, परवा श्रावण लागतो. आज बुधवार. सगळ्या गल्लीत शिजतंय.

सकाळी त्यानं मला खुणेनं जवळ बोलावलं. आवाज आता फार लहान झाला आहे.

"आई, श्रावण लागायच्या आत... पांढरा कर की."

मी अनुजाकडे बघितलं. पुन्हा ओरडेल असं वाटलं. ती खिडकीकडे तोंड करून उभी होती. तशीच म्हणाली, "करा आई. मी नारळ फोडून देते."

किती दिवसांनी आम्ही दोघी एका ओट्याशी उभ्या होतो. तिनं नारळ खवला, मी खसखस वाटली. वाटताना ती पाट्यावरची खसखस बोटानं उचलून नुसती बघत होती. एवढासा दाणा. मी म्हटलं, "वाटला की नाहीसा होतो बघ." तिनं माझ्याकडे बघितलं. कसं बघितलं, मला लिहिता येत नाही. मग ते बोट तिनं पदराला पुसलं.

तेच मलमलीचं फडकं घेतलं. दोनदा गाळला. पांढराशुभ्र, एक कण नाही.

अनुजानं त्याला खांद्याला धरून बसवलं, मी चमच्यानं दिलं. दोन चमचे गेले. तिसरा ओठांवरून ओघळला. त्यानं डोळे मिटले आणि बराच वेळ तोंडात चव धरून ठेवल्यासारखा राहिला. मग म्हणाला, "असाच पाहिजे."

शालूबाई दारात तोंडाला पदर लावून उभी होती.

संध्याकाळी थोडी शुद्ध होती. माझा हात शोधला. आम्ही तिघंच होतो. त्यानं आधी अनुजाकडे बघितलं, तिनं मान हलवली, मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, तुझ्या हातचं मला कधी बाधलं न्हाई. कधीच. ध्यानात ठेव."

२९ जुलै

यशराज शुक्रवारी सकाळी गेला. श्रावणाचा पहिला दिवस.

आज नागपंचमी आहे. आज चिरायचं नाही, तळायचं नाही, चूल पेटवायची नाही, म्हणून घर गप्प आहे. तसंही कुणासाठी पेटवायची.

अनुजा माझ्याच खोलीत झोपते. माहेरचे नेसरीला चल म्हणत होते, गेली नाही. "मला इथंच राहायचं हाय, आईंच्या जवळ. ह्यांनी शपथ घातलीय," एवढंच म्हणाली. कसली शपथ ते मी विचारलं नाही. ती सांगणारही नाही.

देवाकडे आता मागायला काही नाही. दुपारभर पडून छताकडे बघते. धरायला हाताशी काही लागत नाही. एकच वाक्य आहे, ते मी दिवसातून कितीदा तरी मनात म्हणते. औषधं बाधली, सुया बाधल्या, सोळा वर्षं त्याचं स्वतःचं शरीर त्याला बाधत राहिलं. माझ्या हातचं मात्र त्याला कधी बाधलं नाही. हे त्यानं स्वतः सांगितलं आहे.